प्राचीन इतिहास घरी शिकवताना: कोल्हापुरात कोणती पुस्तकं घ्यावीत, कोणती ठेवून यावीत

सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला घरीच शिकवायचं ठरलं की भाषेची आणि गणिताची पुस्तकं लवकर ठरतात. गाडी अडते ती प्राचीन इतिहासापाशी. महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत दुकानात ‘प्राचीन भारत’ म्हणून विचारलं तर समोर येतात ती एमपीएससीची जाडजूड पुस्तकं. लहान मुलासाठी हवंय म्हटलं की एकदम दुसरं टोक: गुळगुळीत कागदावरचे इंग्रजी चित्रकोश. मधली जागा बरीचशी रिकामी आहे. ती भरायला कोणतं पुस्तक किती उपयोगी पडतं आणि कुठे दगा देतं, ते इथे सांगायचं आहे.

पुस्तक निवडायला आम्ही एकच प्रश्न धरून बसतो: ‘कशावरून?’ मोहेंजोदडोला मोठं स्नानगृह होतं, हे सगळीच पुस्तकं सांगतात. पण तो पाण्याचाच हौद होता हे कशावरून कळलं? तर विटा घट्ट बसवलेल्या, त्यांच्या मागे पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर, उतरायला दोन बाजूंनी पायऱ्या आणि पाणी सोडायला मोरी. एवढं सांगायला दोन ओळी पुरतात, आणि ज्या पुस्तकात त्या दोन ओळी असतात ते पुस्तक मुलाला विचार करायला लावतं. नसतात ते पाठांतर करायला लावतं. सात वर्षांच्या मुलाला डांबराचा थर राजांच्या यादीपेक्षा जास्त काळ लक्षात राहतो, कारण गच्चीवर पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करताना त्यानं तेच पाहिलेलं असतं.

या प्रश्नाला मराठीत सर्वांत चांगलं उतरणारं पुस्तक बालभारतीचं आहे, आणि बहुतेक पालक ते ‘शाळेचं पुस्तक’ म्हणून बाजूला सारतात. पाचवीचं ‘परिसर अभ्यास भाग २’ उघडून बघा. सुरुवात राजापासून होत नाही. इतिहास म्हणजे काय, काळ कसा मोजतात, पृथ्वीवरचे सजीव, उत्क्रांती, माणसाची वाटचाल, दगडाची हत्यारं, निवाऱ्यापासून गावापर्यंतचा प्रवास, शेती, आणि मग कुठे नगरं आणि लेखनकला. दहा प्रकरणांचा हा क्रम लहान मुलासाठी अगदी योग्य आहे. आधी पोट, मग घर, मग गाव, मग शहर. मुलाला सत्ता आणि साम्राज्य कळत नाही, पण भूक आणि पाऊस नक्की कळतो.

दोष आहेत. पुस्तक दहा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेलं आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात दिलं तर तिसऱ्या ओळीला ते मिटतं. म्हणून मोठ्यानं वाचूनही भागत नाही. आधी आपण परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि आपल्या बोलीत सांगायचं, मग चित्र दाखवायला पुन्हा उघडायचं. एका बैठकीला पंधरा ते वीस मिनिटं, एका प्रकरणाला साधारण तीन बैठका. आठवड्याला दोन बैठका धरल्या तर पुस्तक पंधरा आठवड्यांत संपतं. यापेक्षा घाई केली तर पुराश्मयुग, मध्याश्मयुग आणि नवाश्मयुग यांची खिचडी होते. तिन्ही शब्द पाठ करून घेऊ नका. तीन वस्तू दाखवा. मुठीत धरायची ओबडधोबड हातकुऱ्हाड, लाकडात किंवा हाडात बसवायची नखाएवढी पाती, आणि घासून गुळगुळीत केलेली कुऱ्हाड. वस्तू लक्षात राहिली की शब्द आपोआप चिकटतो. उत्क्रांतीचं प्रकरण सहा वर्षांच्या मुलाला चित्रांपुरतं दाखवून पुढे गेलात तरी चालेल, आठव्या वर्षी पुन्हा त्याकडे वळता येतं.

बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते. पण सगळ्या पुस्तकाची काळी-पांढरी झेरॉक्स काढण्याची चूक करू नका. नकाशातल्या नद्या, सीमा आणि वस्त्या रंगांनीच वेगळ्या केलेल्या असतात. झेरॉक्समध्ये सगळं राखाडी होतं आणि मूल सिंधू नदी आणि सीमारेषा यांत फरक करू शकत नाही. नकाशाची आणि कालरेषेची पानं तेवढी रंगीत छापून घ्या. छापील पुस्तक मिळालं तर उत्तमच, आणि मिळालं की घेऊनच ठेवा, कारण राज्याचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं बदलतो आहे.

सहावीचं ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं पुस्तक नव्हे. त्यातलं इतिहासाच्या साधनांचं प्रकरण, हडप्पा संस्कृती आणि मौर्यकाळ एवढं घ्या. दक्षिणेतल्या राज्यांच्या प्रकरणात सातवाहनांचा भाग वाचा आणि थांबा. पुढे घराण्यांची नावं इतकी दाटीनं येतात की लहान मुलाचा धागा सुटतो. मूल पुढे राज्याच्या मुक्त विद्यालयातून परीक्षा देणार असेल तर ही पुस्तकं त्या वेळी पुन्हा उपयोगी पडू शकतात, त्यामुळे खर्च वाया जात नाही.

घरी शिकवणाऱ्यांमध्ये परदेशातलं एक पुस्तक फार चालतं: सुसान वाइज बाउर यांच्या ‘द स्टोरी ऑफ द वर्ल्ड’चा पहिला खंड. भटक्या टोळ्यांपासून रोमच्या शेवटच्या सम्राटापर्यंत बेचाळीस प्रकरणं, प्रत्येक प्रकरण एका-दोन बैठकींत संपणारं, आणि भाषा मोठ्यानं वाचण्यासाठीच घडवलेली. गोष्ट सांगण्याची हातोटी खरोखर उत्तम आहे. इजिप्त, मेसोपोटेमिया, ग्रीस यांच्यासाठी हे घ्यायला हरकत नाही. मुलाचं इंग्रजी कच्चं असेल तर आपण वाचून मराठीत सांगावं.

मात्र तीन ठिकाणी जपायला हवं. एक, भारताला त्यात बेचाळीसपैकी जेमतेम तीन प्रकरणं आहेत. मौर्यांनंतर भारत जवळजवळ गायब होतो. सातवाहन, म्हणजे आपल्या पायाखालचा इतिहास, त्यात नाही. दोन, बायबलमधल्या अब्राहमसारख्या कथा आणि उत्खननातून कळलेला इतिहास एकाच सुरात सांगितले आहेत. ‘कशावरून?’ विचारल्यावर एकाचं उत्तर ग्रंथ आहे आणि दुसऱ्याचं विटा-भांडी, हा फरक वाचणाऱ्यानं स्वतः सांगावा लागतो. तीन, काही पात्रं कल्पित आहेत. पहिल्याच प्रकरणातलं भटक्या टोळीतलं मूल खरं नव्हे, पण त्याच सुरात पुढे खरा राजा येतो. ‘हे मूल लेखिकेनं कल्पलेलं आहे, अशी पात्रं बरीच असतील’ एवढं वाक्य आधी बोलून टाकायचं. सोबतचं कृतिपुस्तक वेगळं विकत घ्यावं लागतं. पहिल्या वर्षी ते टाळा. त्यातलं साहित्य इथे शोधण्यात वेळ जातो आणि त्याहून चांगली कृती कुंभार गल्लीतल्या मातीत होते.

अमर चित्र कथेची पुस्तकं बहुतेक घरांत असतातच. ती काढून टाकायची गरज नाही, पण वेगळ्या फळीवर ठेवा. एकाच मालिकेत अशोकही येतो आणि पुराणातला राजाही, चित्रशैली तीच, मुकुट तोच. मुलाला दोन्ही एकाच जातीचे वाटतात. ‘खरंच झालं होतं का?’ असं त्यानं विचारलं तर उडवून लावू नका. कोल्हापूरचंच उदाहरण द्या. करवीर माहात्म्य कोल्हासुराची कथा सांगतं. ती माणसांनी जपलेली कथा आहे आणि अंबाबाईच्या देवळात ती जिवंत आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीतून उत्खननात विटांची घरं निघाली. तो जमिनीनं जपलेला पुरावा आहे. दोन्ही आपलेच आहेत, फक्त त्यांना विचारायचे प्रश्न वेगळे. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर समजतं.

आता ते चित्रकोश. प्रदर्शनात स्वस्तात मिळणारे बरेचसे घेण्याजोगे नसतात, पण दुकानात उभ्यानं पाच मिनिटांत पारख करता येते.

पहिल्यांदा बाजाराचं चित्र शोधा. हडप्पाच्या किंवा मौर्यकाळातल्या बाजारात टोमॅटो, बटाटे, मका किंवा लाल मिरची रंगवलेली दिसली की पुस्तक ठेवून द्या. ही सगळी पिकं अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आल्यानंतर सोळाव्या शतकापासून ती आपल्याकडे रुजली. ज्या चित्रकाराला हे तपासावंसं वाटलं नाही त्यानं कपडे आणि घरंही तपासलेली नसतात. कोल्हापूरच्या मुलासाठी हा धडा मोठा गमतीचा ठरतो: सातवाहनांच्या काळात इथल्या रश्श्यात मिरचीच नव्हती! तिखट हवं तर मिरी, आणि मिरी तर भारताबाहेर रोमपर्यंत जात होती.

मग हडप्पाचं पान. ‘आर्यांनी आक्रमण करून ही शहरं उद्ध्वस्त केली’ असं ठामपणे लिहिलं असेल तर मजकूर कित्येक दशकं जुना आहे. नद्यांचे बदललेले प्रवाह, घटलेला पाऊस, मंदावलेला व्यापार अशी अनेक कारणं अभ्यासक मांडतात. हडप्पाची लिपी ‘वाचली गेली आहे’ असं म्हणणारं पुस्तक तर लगेच परत ठेवा. ती अजून सर्वमान्य रीतीनं कुणालाही वाचता आलेली नाही. नकाशात हडप्पा आणि मोहेंजोदडो आजच्या पाकिस्तानात, धोलावीरा आणि लोथल गुजरातेत, राखीगढी हरियाणात दाखवलंय का बघा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं प्रवरेकाठचं दायमाबाद दिसलं तर लेखकानं मन लावून काम केलंय असं समजा.

त्याच पानावर ‘नर्तकी’ असेल. तिच्यासोबत माप दिलंय का? ही कांस्यमूर्ती फक्त साडेदहा सेंटिमीटरची आहे, अर्ध्या वितीच्या आसपास. चित्रकोशात ती पानभर छापतात आणि मुलाच्या मनात ती माणसाएवढी होऊन बसते. माप नसेल तर घरी साडेदहा सेंटिमीटरची कागदाची पट्टी कापून त्या पानातच ठेवून द्या. तिला नर्तकी हे नाव उत्खनन करणाऱ्यांनी दिलं, ती नाचणारीच होती याचा पुरावा नाही, हेही सांगून टाका.

इजिप्तच्या पानावर चाबकाचे फटके खात दगड ओढणारे गुलाम असतील तर तेही जुनं समजा. गिझाजवळ कामगारांची वस्ती आणि 1990 पासून त्यांची थडगी सापडली. भाकरी भाजायच्या भट्ट्या आणि खाल्लेल्या गुरांची हाडं मिळाली. राबवलेले असतील, पण खाऊपिऊ घालून, टोळ्या करून, आणि मेल्यावर पिरॅमिडच्या शेजारी मान देऊन पुरलेले.

बांधणीही बघा. डिंकानं चिकटवलेलं जाड पुस्तक मधोमध पूर्ण उघडलं की पाठ तडकते, आणि दोन पानी नकाशात नेमकी सिंधू नदी मधल्या घडीत गडप होते. मधलं पान उघडून दोरा दिसतो का ते पाहा. शिवलेलं पुस्तक घ्या. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात, म्हणून अशी पुस्तकं भिंतीला टेकून ठेवू नका. महाग चित्रकोश विकत घेण्याआधी वाचनालयात बघून घ्यावा. 1850 साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आपल्या शहरात आहे, त्याचा उपयोग करा.

पालकाच्या हाताशी संदर्भ हवा तो मराठी विश्वकोशाचा. ऑनलाइन आहे, फुकट आहे. मुलाला वाचून दाखवायचा नाही. मुलानं अडवलं की आपण रात्री वाचायचा.

कोणतंही पुस्तक घेतलं तरी काळाचा अंदाज पुस्तकातून येत नाही, त्यासाठी दोरी लागते. पाच मीटर सुती दोरी घ्या, सुरुवात इ.स.पू. 3000, शंभर वर्षांना दहा सेंटिमीटर. गाठी मारू नका: पन्नास गाठींत दोरी बरीच आखूड होते आणि सगळी मापं चुकतात. शाईनं खुणा करा आणि त्यावर रंगीत दोरा गुंडाळा. हडप्पाची भरभराट इ.स.पू. 2600 ते 1900, म्हणजे 40 ते 110 सेंटिमीटर. अशोकाचा राज्यकाळ 273 सेंटिमीटरपासून पुढे जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. ब्रह्मपुरीची सातवाहनकालीन घरं 315 च्या आसपास, शिवराज्याभिषेक 467 वर, स्वातंत्र्य 495 वर. आजी-आजोबांचा जन्म शेवटच्या दहा सेंटिमीटरांत येतो. मग विचारा, भारतातली जुनी दगडी हत्यारं कुठे लावायची? तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची हत्यारं सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची आहेत. याच मापानं दोरी दीड किलोमीटर लागेल.

इसवी सनापूर्वीचे आकडे उलटे का जातात, इथे बहुतेक मुलं अडतात आणि पालकही चुकतात. शून्य वर्ष नाही: इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1. म्हणून इ.स.पू. 250 ते इ.स. 150 हा काळ चारशे नव्हे, 399 वर्षांचा. आणि इ.स.पू. दुसरं शतक म्हणजे 200 ते 101, दोनशेच्या पुढचं नव्हे. अनुवादित पुस्तकांत हा घोळ सर्रास असतो. एखादं शतक आणि त्यातलं साल ताडून बघा, म्हणजे अनुवादकाची काळजी कळते.

आणि कोल्हापुरात राहून ब्रह्मपुरी दाखवली नाही तर वरचं सगळं अर्धं राहतं. पंचगंगेच्या घाटाजवळच्या या टेकडीवर 1945-46 साली डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथल्या वस्तू सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. ब्रह्मपुरीला मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, आणि कोल्हापूरला तर घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही! मग तो इथे आला कसा, हा प्रश्न मुलाला विचारायचा आणि उत्तर सांगण्याची घाई करायची नाही. भडोचसारख्या बंदरातून पैठण आणि तेरपर्यंत चालणारा रोमशी व्यापार इथून उलगडत जातो.

इथे सापडलेली, सातवाहनांच्या काळातल्या कुर राजांची नाणीही दाखवा. धनुष्यबाण, टेकडी, आणि ब्राह्मी अक्षरांत ‘वासिठीपुत’, ‘गोतमीपुत’ अशी आईवरून आलेली नावं. मुलाला त्याचं नाव आईच्या नावानं लिहायला लावा. सातवाहन पुन्हा विसरणार नाही. जाण्याआधी संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या, आणि एका फेरीत चारच वस्तू बघा. सगळी दालनं फिरवलं की मुलाच्या लक्षात फक्त पाय दुखल्याचं राहतं.

घरी आल्यावर मुद्रा बनवा. हडप्पाच्या मुद्रा मऊ दगडाच्या, बहुतेक दोन-तीन सेंटिमीटर चौरस. दगडाऐवजी अंगाच्या साबणाचा तेवढा तुकडा घ्या, चेहरा सपाट घासून घ्या, आणि बोथट टाचणीनं किंवा दातकोरण्यानं बैल कोरा. बैल उलटा कोरायचा, म्हणजे ठशात सुलटा येतो. मुलाला पहिल्यांदा चुकू द्यावं, तेव्हाच आरसा त्याच्या डोक्यात शिरतो. ठसा घ्यायला कुंभार गल्लीतून आणलेली शाडू, पाव किलो पुरते. शाडू फार ओली असेल तर साबणाला चिकटते आणि कोरीव काम उपटून निघतं. कानाच्या पाळीएवढी मऊ झाली की वर राखेचा पातळ हात फिरवा आणि सरळ दाबून सरळ उचला. उन्हात वाळवू नका, भेगा पडतात. सावलीत दोन दिवस.

पहिल्या वर्षासाठी पाचवीचं बालभारती, एक नीट पारखलेला चित्रकोश, दोरी आणि टाउन हॉल एवढं भरपूर झालं. परदेशी गोष्टींचं पुस्तक दुसऱ्या वर्षी, सहावीचं त्याच्या मागोमाग. इनामगावचं खोलात जाणारं पुस्तक मात्र जरा थांबून घ्या: पुणे जिल्ह्यातल्या या ताम्रपाषाणयुगीन गावात लहान मुलांना मातीच्या कुंभांत पुरलेलं आढळतं, आणि सहा वर्षांचं मूल त्या चित्रापाशी घाबरून थांबतं. नवव्या वर्षी तेच मूल तिथल्या एका मोठ्या माणसाच्या दफनकुंभाविषयी विचारतं, या कुंभाला चार पाय का केले असतील?